टर्बोच्या आधीचं बीड

गेल्या अंकात टर्बोच्या ऑइल पाइपवर चार ओळी लिहिल्या होत्या. पत्रं मात्र आली ती सगळी मॅनिफोल्डची, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करून टर्बोकडे (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या चाकाकडे) नेणाऱ्या बिडाच्या, ओतीव लोखंडाच्या, वाटेची. कुणाचं तडकलंय, कुणाला बदलून भारीतलं बसवायचंय, एका पोराला त्यावर प्रोजेक्ट करायचाय. म्हणून या खेपेला तेच घेतो. ज्यांनी क्लचबद्दल विचारलंय त्यांनी महिनाभर कळ काढावी.

प्रश्न : मेस्त्री, नमस्कार. चार सिलिंडरची डिझेल गाडी आहे, भाड्यानं चालवतो. बेळगाव–पणजी, चोरल्यावरून, आठवड्याला चार खेपा. १ लाख ४० हजार किलोमीटर झालेत. दोन महिने झाले, गोव्याहून परत येताना घाटात तिसऱ्या गिअरवर दम सोडते. सकाळी चालू केली की बॉनेटखालून टक-टक-टक आवाज येतो, पिरनवाडी मागं पडली की आपोआप बंद. एका गॅरेजमध्ये टर्बो गेला म्हणून सांगितलं, ४२ हजारांचा आकडा दिला. बदलू काय? — एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आधी पैसे खिशात ठेवा. तुम्ही रोग स्वतःच लिहून पाठवलाय, फक्त नाव घातलेलं नाही. थंड गाडीला टक-टक आणि गरम झाल्यावर गप्प, हे लक्षण टर्बोचं नव्हे. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्या सांध्यातून धूर गळतोय.

असं होतं बघा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की सिलिंडरमधला धूर हळूच निघत नाही, फटका मारल्यासारखा सुटतो. सांध्याला केसभर फट असली की त्या फटक्यातला थोडा तिथूनच फुटतो, तोच तुमचा टक. दहा मिनिटांत बीड तापून फुगतं, फट मिटते, आवाज जातो. माणूस म्हणतो, बरी झाली गाडी. पण आवाज गेला म्हणून गळती गेली असं नसतं. कणकुंबीच्या चढाला तुम्ही पाय दाबता तेव्हा व्हॉल्व्ह ते टर्बो या वीतभर जागेत दाब सगळ्यात जास्त असतो. नेमका तेव्हाच तो सांधा परत उघडतो आणि इंजिनाच्या गोंगाटात ऐकूही येत नाही.

टर्बोला वेगळी मोटर नाही. एका दांड्यावर दोन चाकं, एक धुराच्या बाजूला, एक हवेच्या. लहान गाडीतला तो दांडा भर जोरात मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो आणि त्याची सगळी कमाई या धुराचा दाब नि त्याची उष्णता यांच्यावर. वाटेत धूर गळाला की चाक मंद, चाक मंद की हवा कमी. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हवा मोजतो आणि कमी पडली की डिझेलही कमी सोडतो, म्हणून तुमची गाडी काळा धूर न काढता नुसती मलूल होते. जुन्या पंपाच्या गाडीनं काळा धूर ओकला असता. तुमच्या टर्बोत धुराची वाट लहान-मोठी करणाऱ्या हलत्या पात्या असतील तर आणखी एक गोम आहे. हवा भरून काढायला त्या पात्या जास्त मिटून घेतात, मागचा दाब वाढतो आणि इंजिनाला स्वतःचाच धूर ढकलायला ताकद घालवावी लागते. टर्बो निकामी नाही, उपाशी आहे.

तपासणी घरीही होते. इंजिन पूर्ण गार असताना मॅनिफोल्डवरचं पत्र्याचं झाकण काढा. बॅटरी मारून सांध्याकडे बघा, गळती असेल तिथं काजळीची फटकाऱ्यासारखी काळी रेघ दिसेल. नाही दिसली तर सायलेन्सरच्या तोंडाला चिंधी गुंडाळून व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू लावा आणि वर सांध्यावर साबणाचं पाणी शिंपडा. फेस येईल तिथं बोट ठेवा. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरचे स्टड, म्हणजे मॅनिफोल्ड हेडला आवळणारे बोल्ट, आधी बघा, तुटतात ते टोकाचेच. का, ते खालच्या पत्रात येईल.

गेल्या पावसाळ्यात हुबेहूब अशीच एक गाडी माझ्याकडे आली होती. चौथ्या सिलिंडरचा खालचा स्टड हेडच्या आतच तुटलेला, वरून नट जागेवर दिसत होता, म्हणून दोन गॅरेजवाले फसले. तुकड्यावर नट वेल्ड करून तो काढला, मॅनिफोल्डचा तोंडवळा, म्हणजे हेडला टेकणारी बाजू, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात ग्राइंड करून आणला, सांध्यात घालायचं नवं गॅस्केट, नवे स्टड. सगळे मिळून ४ हजारांच्या आत. टर्बोला मी हात लावला नाही, तो तसाच अजून गोव्याला जातो.

एवढं करूनही आवाज राहिला आणि गरम झाल्यावरही येत असला तर इंजेक्टरखालचं तांब्याचं वायसर बघा, तिथली गळतीही असाच आवाज काढते. आणि टर्बो खरंच गेलाय का हे बघायचं तर हवेच्या बाजूचा होज काढून दांडा धरा. आडवा किंचित हलला तर भिऊ नका, तेलाच्या पदरावर तरंगतो तो, तेवढी जागा लागतेच. आत-बाहेर खुळखुळला किंवा चाकाच्या पात्या भिंतीला घासल्या असतील तर मात्र त्या गॅरेजवाल्याचं खरं.

प्रश्न : सर, मी बेळगावात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. टर्बो इंजिनाच्या मॅनिफोल्डवर प्रोजेक्ट घेतलाय. पुस्तकात दिसतं की सारख्या लांबीच्या पाइपांचं स्टीलचं मॅनिफोल्ड चांगलं. मग कंपन्या ते ओबडधोबड बिडाचं का बसवतात? फक्त पैसे वाचवायला? आणि फायरिंग ऑर्डरचा याच्याशी काय संबंध? — एक विद्यार्थी

उत्तर : मला सर म्हणू नकोस बाबा, मी कोअर शॉपमधला माणूस. १९९४ पासून नऊ वर्षं उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मॅनिफोल्डचे कोअर, म्हणजे आतली पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात ते वाळूचे ठोकळे, केले, मग खानापूर रोडला गॅरेज टाकलं. कॉलेजातलं गणित तुझ्याकडे, हातातलं माझ्याकडे. दोन्ही जुळवून बघू.

आधी एक काम कर. भंगारात चार सिलिंडरचं तडकलेलं मॅनिफोल्ड मिळतं, ते आण आणि हॅक्सॉनं उभं काप. बिडाला पातं चांगलं जातं, तासाभराचं काम. कापल्यावर आत बघ. बाहेरून ओबडधोबड दिसणारा तुकडा आतून वेगळाच असतो. चारही वाटा कुठं वळतात, कुठं एकमेकींत शिरतात, ते दिसेल. सांध्याच्या रेषेवर उभी पातळ कड दिसली तर ती कोअरच्या दोन अर्ध्यांमधली फिन, घासायची राहून गेलेली. एका बाजूची भिंत चार मिलिमीटर आणि समोरची सात असली तर समज की बीड ओतताना कोअर सरकला होता. पातळ बाजू तिथूनच तडकली असणार. मी हे पहिल्यांदा कापून बघितलं तेव्हा मला माझीच चूक दिसली होती, म्हणून सांगतो.

आता फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम. चार सिलिंडरला बहुतेक ठिकाणी १-३-४-२. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत चार स्फोट, दर १८० अंशांना एक. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह १८० अंशच उघडा राहत नाही, २४०च्या आसपास राहतो. म्हणजे साठेक अंश असे येतात की दोन सिलिंडरांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे. आता चित्र डोळ्यासमोर आण. एक नंबरचा पिस्टन वर येऊन शेवटचा धूर बाहेर लोटतोय, जोर संपलेला. तेवढ्यात तीन नंबरचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ताज्या स्फोटाचा धूर आवाजाच्या वेगानं सुटतो. दोन्ही वाटा चार बोटांवर मिळाल्या असल्या तर तो फटका टर्बोकडे जातो तसा एक नंबरच्या तोंडातही परत शिरतो. त्या सिलिंडरात जुना धूर उरतो, नवी हवा तेवढी कमी. पेट्रोलला तर आणखी वाईट, उरलेल्या गरम धुरानं नॉकिंग, म्हणजे पेट्रोल आपोआप भडकून होणारी ठोकठोक, सुरू होतं.

उपाय काय? एकमेकांपासून ३६० अंश लांब असणाऱ्या जोड्या करायच्या. १ आणि ४ एका वाटेला, २ आणि ३ दुसऱ्या वाटेला, आणि टर्बोच्या तोंडापर्यंत मधे भिंत. यालाच आता ट्विन स्क्रोल म्हणून मिरवतात. नवीन काही नाही त्यात. ज्यानं टर्बोचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं त्या स्विस आल्फ्रेड ब्यूखीनंच १९२५ मध्ये सिलिंडरांचे गट पाडून वेगवेगळ्या वाटांनी धूर टर्बोला देण्याची युक्ती काढली. फटका फटकाच राहू द्यायचा, वाटेत त्याचा नुसता वारा होऊ द्यायचा नाही, ही ती युक्ती. हायवेला थांबलेल्या सहा सिलिंडरच्या ट्रकखाली वाकून बघ. पुढचे तीन एकीकडे आणि मागचे तीन एकीकडे दिसतील. १-५-३-६-२-४ मांडून बघ, प्रत्येक गटात २४० अंशांचं अंतर निघतं.

पाइप सारख्या लांबीचे हवेत ही गोष्ट मुळात बिनटर्बोच्या रेसिंगच्या इंजिनातून आलीय. तिथं लांबी अशी धरतात की परतणारी लाट नेमक्या वेळी येऊन सिलिंडर चोखून घेते. टर्बोच्या गाडीत वाटेत चाक आडवं बसलंय, लाटेचा तो खेळ बराचसा तिथंच मोडतो. हिशोब करून बघ. तापलेल्या धुरात लाट सेकंदाला ६०० मीटरच्या आसपास पळते. दोन पाइपांच्या लांबीत ३० सेंटिमीटर फरक असला तर अर्धा मिलिसेकंद. ४००० आरपीएमला तेवढ्यात क्रँक १२ अंश फिरते, २००० ला फक्त ६. घाटात गाडी चालवणाऱ्याला या सहा अंशांचं सोयरसुतक नाही. म्हणजे सारखी लांबी खोटी असं नव्हे, वरच्या आरपीएमला फायदा आहेच. पण ती सारखी करायच्या नादात तू पाइप लांब आणि जाड केलेस तर आतली जागा वाढते आणि फटका त्या जागेत विरतो. आमच्याकडे उसाला पाणी देताना पाट रुंद झाला की शेवटच्या सरीपर्यंत जोर राहत नाही, तसं. खालच्या आरपीएमला टर्बो उशिरा उठायला हे एक मोठं कारण. टर्बोसाठी वाट आखूड हवी, बेताच्या व्यासाची हवी, वळण गुळगुळीत हवं आणि उष्णता आत राहायला हवी. बिडाचं आखूड मॅनिफोल्ड यातलं बरंचसं मुकाट्यानं करतं. फक्त लांब दांड्याला चार तोंडं काटकोनात चिकटवलेला जुना लॉग प्रकार असला की फटके एकमेकांवर आदळतात, तिथं तुझं पुस्तक बरोबर.

आणि पैशांचं म्हणशील तर पैसे वाचतातच, खोटं कशाला बोलू. पण दुसरं कारण मोठं आहे. मॅनिफोल्ड ४० सेंटिमीटर लांब धर. गार असताना ३० अंश, कामाला लागलं की ६३० धर. बीड अंशाला मीटरमागं १२ मायक्रॉन वाढतं. म्हणजे ६०० अंशांना जवळजवळ २.९ मिलिमीटर. ज्यावर ते आवळलंय ते अ‍ॅल्युमिनियमचं हेड मात्र पाण्यानं गार राहतं, ७० अंशच वाढलं तर ते वाढणार ०.६ मिलिमीटर. उरलेले सव्वादोन मिलिमीटर जायचे कुठं? मधल्या स्टडपासून दोन्ही टोकांकडे ढकललं जातं, म्हणून टोकाच्या स्टडांवर सगळा भार. म्हणूनच टोकाची भोकं मोठी किंवा लांबट ठेवतात, आणि म्हणूनच ट्रकचं मॅनिफोल्ड तीन तुकड्यांचं, एकात एक सरकणारं. स्टेनलेसचं पाइपवालं घेतलंस तर ते याच्या दीडपट वाढतं, ४.३ मिलिमीटर. भिंत पातळ, वर टर्बोचं वजन लोंबतंय, हादरे वेगळेच. तडकतं ते वेल्डच्या कडेला. सर्किटवर ते चालतं, दर शर्यतीला उघडून बघतात. टॅक्सीवाला दर खेपेला उघडणार आहे काय?

बीड म्हटलं तरी सगळं बीड एक नाही. साधं ग्रे आयर्न वारंवार तापलं की आतल्या कार्बाइडचं ग्राफाइट होत जातं आणि ते कायमचं फुगतं, मग तडकतं. म्हणून टर्बोच्या मॅनिफोल्डला चारेक टक्के सिलिकॉन आणि थोडं मॉलिब्डेनम घातलेलं एसजी आयर्न, म्हणजे आतलं ग्राफाइट गोळ्या-गोळ्यांचं असलेलं चिवट बीड, वापरतात. डिझेलचा धूर पूर्ण भारावर ७००-८०० अंशांत असतो, तिथं ते पुरतं. पेट्रोल टर्बोचा धूर ९५० च्या वरही जाऊ शकतो, तिथं निकेलवालं बीड किंवा स्टीलचं कास्टिंग लागतं. प्रोजेक्टला मटेरियलचं एक प्रकरण घाल, परीक्षक खूश होतील. आणि त्या दिवशी कापलेला तुकडाच टेबलावर ठेव, स्क्रीनवरच्या रंगीत चित्रापेक्षा तो जास्त बोलेल. उद्यमबागेत एखाद्या फाउंड्रीत जाऊन कोअर बसवताना बघितलंस तर उत्तम. वास येतो, डोळे चुरचुरतात, तेवढं सोसावं लागेल.

प्रश्न : मेस्त्री काका, माझी तीन सिलिंडरची १ लिटर टर्बो पेट्रोल गाडी आहे. ऑनलाइन एक हेडर, म्हणजे पाइपांचं मॅनिफोल्ड, बघितलंय, चमकदार स्टीलचं, १५ टक्के पॉवर वाढते लिहिलंय. बसवून देणार काय? निपाणीहून गाडी घेऊन येतो. — एक वाचक, निपाणी

उत्तर : यायच्या आधी बॉनेट उघडून बघ आणि मला फोटोवर बोट दाखव, तुझं मॅनिफोल्ड कुठं आहे ते. सापडणार नाही. या पिढीतल्या बऱ्याच लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत, फोर्डचं १.० इकोबूस्ट घे, फोक्सवॅगनचं १.० टीएसआय घे, मॅनिफोल्ड वेगळं नसतंच. हेडच्या कास्टिंगमध्येच तिन्ही वाटा एकत्र करून बाहेर एकच तोंड काढलेलं असतं, त्याला थेट टर्बो. तुझीही त्यातलीच असली तर ते चमकदार हेडर कशाला लावशील? देवघराला?

हे असं का केलं, ते ऐक. तीन सिलिंडरांत स्फोट दर २४० अंशांनी येतो आणि व्हॉल्व्हही साधारण तेवढाच वेळ उघडा असतो. म्हणजे एकाचा धूर संपत आला की दुसऱ्याचा सुरू. वरच्या पत्रातलं भांडण इथं जवळजवळ होतच नाही, मधली भिंत लागत नाही. शिवाय हेडमधलं पाणी त्या वाटांभोवती फिरतं. गाडी सकाळी लवकर तापते, आणि हायवेला जोरात पळवताना धूर टर्बोला झेपेल एवढा गार राहतो. नाहीतर धूर गार करायला जास्तीचं पेट्रोल ओतावं लागायचं. एक लिटरच्या इंजिनातून एवढं काम निघतं त्यात या गोष्टीचाही वाटा आहे.

तरी काही बदलावंसं वाटत असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाच. आरसीवर नोंदलेल्या मूळ बांधणीत परस्पर फेरफार चालत नाही. तुझं पासिंग केए २३ असो की एमएच ०९, कायदा एकच. विम्याच्या दाव्यावेळी सर्व्हेअर नेमका अशा ठिकाणी वाकून बघतो. एअर फिल्टर बदल, टायरात हवा बरोबर ठेव, प्लग वेळेवर घाल. आणि निपाणीहून यायचंच असेल तर जेवायला ये.

प्रश्न : आमच्या टर्बोच्या ट्रॅक्टरचं मॅनिफोल्ड दोन नंबरच्या तोंडाशी तडकलंय. नवीन मागवलं तर आठ दिवस, उसाची तोड चालू आहे. इथला वेल्डर म्हणतो अर्ध्या तासात करून देतो. करू काय? आणि नवं घेताना डुप्लिकेट कसं ओळखायचं? — एक शेतकरी, हुक्केरी तालुका

उत्तर : करा, पण अर्ध्या तासात नको. अर्ध्या तासात केलेलं बीड अर्ध्या दिवसात तडकतं. मेख वेल्डच्या शेजारी असते, वेल्ड शाबूत राहतो आणि बाजूची रेघ पुढं पळते.

आमच्या फाउंड्रीत एक वयस्कर कन्नड फोरमन होते. मराठी समजायचं, बोलायचे मात्र कन्नडच. गरम कास्टिंगजवळ कुणी घाई केली की त्यांचा एकच शब्द यायचा, ‘निधान, निधान.’ सावकाश. बिडाचं निम्मं शास्त्र त्या शब्दात आलं. तर वेल्डरला सांगा, तडीच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाड, म्हणजे ती पुढं जायची थांबेल. तडीला व्हीसारखी खाच कर. आत-बाहेरची काजळी आणि तेल जाळून काढ. तुकडा सगळा सारखा तापव, हात जवळ नेववत नाही एवढा, एका जागी नव्हे. निकेलचा रॉड घे, बोटभर वेल्ड मार, गरम आहे तोवर हातोडीनं हलके हलके ठोक, मग पुढचं बोट. झालं की कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून ठेव, सकाळपर्यंत हात लावू नको. एका रात्रीचा प्रश्न आहे. वर पाणी मारणारा वेल्डर दिसला तर तिथून तुकडा उचलून परत या.

वेल्ड झाल्यावर तोंडवळा वाकतोच. सरळ पट्टी चारही तोंडांवर आडवी धरा आणि खालून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घाला. मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे ०.१०, गॅस्केट सांभाळून घेतं. ०.३० ची पट्टी खाली जात असेल तर ग्राइंड केल्याशिवाय बसवू नका, नाहीतर तोच वाकडेपणा नटांनी ओढून सरळ करायला जाल आणि स्टड तोडाल. नट आवळताना मधून सुरुवात करून बाहेर जायचं, दोन-तीन फेऱ्यांत.

तोड संपेपर्यंत हे चालेल. तोवर नवीन मागवून ठेवाच. ओळखायची खूण साधी आहे. दुकानात मॅनिफोल्ड एका बोटावर किंवा दोरीवर टांगा आणि स्पॅनरनं हलकं वाजवा. एसजी आयर्न घंटेसारखं टण्ण वाजतं, आवाज थोडा वेळ रेंगाळतो. साधं बीड ठक् करून मरतं. तडकलेलंही तसंच मुकं वाजतं, त्यामुळे दोन्ही तपासण्या एका टोल्यात. दुकानदार वैतागेल, वैतागू दे. मग आत बोट घालून फिरवा, फिनची धारदार कड लागली तर परत द्या. शेवटी गॅस्केट धरून बघा. मॅनिफोल्डचं भोक हेडच्या भोकापेक्षा किंचित मोठं चालतं, लहान नको. लहान असलं की धूर निघताक्षणी त्याच्या तोंडावर पायरी येते.

प्रश्न : मॅनिफोल्डला ती पांढरी उष्णतारोधक पट्टी गुंडाळली तर टर्बो लवकर उठतो म्हणतात. खरं काय? — एक वाचक, चिकोडी

उत्तर : तत्त्व खरं, उष्णता आत राहिली तर चाकाला जास्त काम मिळतं. पण रोजच्या गाडीत ती पट्टी पावसाचं पाणी आणि तेल पिऊन बसते. पाणी आतला पाइप गंजवतं, तेल पेट घेऊ शकतं. वर तड गेली तर ती दिसतही नाही. कंपनीनं दिलेलं पत्र्याचं झाकण नीट बसवा, खडखडतं म्हणून काढून टाकू नका. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या चार गाड्यांत ते नसतंच, मागच्या कुठल्यातरी गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेलं असतं.

प्रश्न : मेस्त्री, मी शाळेत शिकवते, आठवड्याला सावंतवाडीला माहेरी जाते, स्वतःच चालवते. आंबोली चढून आल्यावर चहाला थांबते तेव्हा इंजिन लगेच बंद करायचं की चालू ठेवायचं? मिस्टर म्हणतात पाच मिनिटं चालू ठेव, मुलगा म्हणतो नव्या गाडीला गरज नाही. — एक वाचक भगिनी, शहापूर, बेळगाव

उत्तर : ताई, दोघांचं थोडं थोडं बरोबर. घाट चढून आल्यावर मॅनिफोल्ड आणि टर्बोचं धुराकडचं घर काळोखात बघितलं तर लालसर दिसेल इतकं तापू शकतं. इंजिन बंद झालं की तेल फिरायचं थांबतं, पण त्या बिडातली उष्णता तर कुठं जात नाही, ती दांड्यावरून बेअरिंगकडे सरकते आणि तिथं थांबलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो. एका दिवसात काही होत नाही, वर्षानुवर्षं केलं की टर्बो घरघरायला लागतो. बऱ्याच नव्या पेट्रोल टर्बो गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही टर्बोभोवती पाणी फिरवणारा छोटा पंप असतो, मुलाचं म्हणणं त्या गाड्यांना लागू. तुमची डिझेल असली तर घाटमाथा आल्यावर शेवटचा एक-दीड किलोमीटर पाय हलका ठेवून या, तेवढ्यात ती निवते. मग गाडी उभी करून मिनिटभर चालू ठेवलीत तरी पुष्कळ. पाच मिनिटं नुसतं डिझेल जाळायची गरज नाही, आणि स्टार्ट-स्टॉप असेल तर त्या थांब्यापुरतं त्याचं बटण बंद करा, नाहीतर गाडी उभी राहिल्यावर ते इंजिन स्वतःच बंद करेल.

तेल मात्र वेळेवर आणि पुस्तिकेत लिहिलेल्याच ग्रेडचं घाला. पुढच्या खेपेला येताना सावंतवाडीची कोकमं आणलीत तर गॅरेजवरून जा, स्टड मी फुकट तपासून देतो.